भेटायला माणूसच नाही

भाग्यश्री पहिल्या बाळंतपणासाठी बंगळूरहून माहेरी येणार होती आणि वारज्याच्या नव्या फ्लॅटला अजून पालिकेचं पाणी नव्हतं. एवढं सोडलं तर रंगरावांची तयारी पूर्ण होती. पण नातवंडाला टँकरच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, या कल्पनेनंच त्यांना घाम फुटत होता.

वॉर्ड ऑफिसात कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलीनं नळजोडाचा अर्ज घेतला, फी घेतली, पावती दिली आणि आठवडाभरात माणसं येतील, घरी थांबा, असं सांगितलं.

"ते ठीक आहे. पण भेटायचं कोणाला?" रंगरावांनी आवाज खाली आणून विचारलं.

"कोणालाच नाही, काका. काम कोणाकडे जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो. आम्हालाही कळत नाही."

रंगराव हादरले. त्यांचा उभा जन्म नारायण पेठेत गेला होता आणि टेलिफोनपासून गॅसपर्यंत प्रत्येक गोष्ट त्यांनी कोणाला तरी भेटूनच मिळवली होती. भेटण्याची त्यांची एक रीत होती. आधी चहा, मग गावाची चौकशी, मग मुलांची शिक्षणं आणि अगदी निघताना, सहज आठवल्यासारखं, पाकीट. नवे आयुक्त कडक आहेत असं पेपरात आलं होतं, पण पेपरात काय, काहीही येतं.

दोन दिवस कोणी फिरकलं नाही. तेव्हा त्यांनी मंडईतून हापूसची पेटी आणली आणि सकाळीच बायकोला, यमुनाबाईंना, घेऊन ऑफिस गाठलं. बाईमाणूस बरोबर असलं की लाच ही लाच वाटत नाही, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं.

वरच्या मजल्यावर पूर्वीच्या केबिनी जाऊन एकच मोठा हॉल झाला होता. रंगराव पेटी सांभाळत टेबलामागून टेबल फिरले. जो तो आधी पेटीकडे बघे, मग छताच्या कॅमेऱ्याकडे, आणि खुर्ची मागे सरकवे. एकजण तर तिथल्या तिथे डबा खायला निघून गेला. शेवटी आंब्यांचा वास तिथल्या उपअभियंता शर्मिलाबाईंपर्यंत पोचला.

"ही पेटी कोणासाठी?"

"आमचं काम ज्यांच्याकडे असेल त्यांच्यासाठी," रंगराव प्रांजळपणे म्हणाले.

"देणाऱ्यावरही केस होते, माहीत आहे ना?"

यमुनाबाईंनी पेटी पदराखाली घ्यायचा प्रयत्न केला, पण ती मावेना. "लेकीसाठी घेतलेत हो," त्या म्हणाल्या. "डोहाळे आहेत तिला."

शर्मिलाबाईंनी हसू दाबून स्क्रीनवर अर्ज शोधला. मग दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"आमची माणसं आज सकाळीच तुमच्याकडे गेली होती. दाराला कुलूप होतं, म्हणून परत आली. आता पुन्हा रांगेत."

"काहीतरी करा ना, बाई. पोर परवा येतेय."

"मला काही करता येऊ नये, अशीच सोय केलीय. तुम्ही एकच करा. घरी बसा."

आयुष्यात पहिल्यांदाच रंगराव काम होण्यासाठी नुसते बसून राहिले. दार सताड उघडं ठेवलं. दूधवाल्याला नळवाला समजून त्यांनी खुर्ची दिली, आंबा कापून पुढे केला. भाग्यश्री आली, टँकरच्याच पाण्यानं हातपाय धुऊन पडली आणि रंगरावांना लेकीकडे मान वर करून बघवेना.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. नळ जोडला, सही घेतली. यमुनाबाईंनी चहा विचारला तर ती माणसं स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिऊन निघून गेली. नळ फुरफुरला आणि धो धो वाहू लागला तेव्हा रंगरावांना अगदी भरून आलं. ओंजळभर पाणी त्यांनी डोळ्यांना लावलं.

"बाबा, इतक्या पटकन झालं कसं?" भाग्यश्रीनं कौतुकानं विचारलं.

रंगरावांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण घरी बसून काम झालं, हे पोटच्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"आहेत आपल्या ओळखी," ते म्हणाले.

"हो तर," यमुनाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "फार धावले बिचारे."