दिवे लागले की अंधार

"नवशिक्याबरोबर पालक सोडून एकच प्रवासी, बाबा." लेकीनं गाडीची किल्ली काढून मांडीवर ठेवली. "आई आणि आजी, दोघींपैकी एकीनं उतरा."

"मी दुखऱ्या गुडघ्यांची माणूस आहे," मागच्या सीटवरून बाबांच्या सासूबाई म्हणाल्या. "बसले ती बसले."

"मग मी उतरते," बायको म्हणाली.

"तू नाहीस तर मी कशाला यांच्याबरोबर जाऊ?" असं म्हणून सासूबाई गुडघ्यांसकट उतरल्या. दोघी टॅक्सीनं पुढे गेल्या.

बाबा दातांचे डॉक्टर होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. आज त्यांचा सत्कार होता, आणि तोही याच नियमांसाठी. दोन वर्षांपूर्वी कुणा सतरा वर्षांच्या पोरानं मोटार थेट त्यांच्या दवाखान्याच्या पाटीत घातली होती. तेव्हापासून नवशिक्यांसाठी कडक कायदा हवा म्हणून डॉक्टर हात धुऊन मागे लागले होते. एकेक कलम त्यांनी दाढ उपटावी तसं सरकारच्या तोंडून उपटून काढलं होतं. आज सभागृहाच्या दारात फोटोवाला उभा राहणार होता आणि डॉक्टर अठरा वर्षांच्या लेकीनं चालवलेल्या गाडीतून, नवशिक्याच्या लाल पाटीसकट, उतरणार होते. भाषणाची सुरुवातच त्यावर बेतलेली होती.

गाडी निघाली. पहिल्याच चौकात डॉक्टरांचा फोन वाजला.

"हॅलो? हो हो, निघालोय..."

गाडी हळूहळू कडेला गेली, थांबली, बंद झाली.

"आता काय झालं?"

"शेजारी बसलेल्या पालकानं फोनवर बोलायचं नाही. त्याचं लक्ष रस्त्यावर हवं. तुमचंच कलम आहे ना?"

"अगं, आयोजक आहेत ते!"

"असू देत. बोलून घ्या, मग निघू."

आयोजक चिवट होते. त्यांनी हारासाठी फोन केला, खुर्च्यांसाठी केला, आणि मागचा फोन का कट झाला हे विचारायलाही केला. दर खेपेला लेक आरसा पाही, इशारा देई, कडेला घेई. निघताना पुन्हा आरसा, पुन्हा इशारा. शेवटी तर एका सायकलवाल्या आजोबांनी त्यांना मागे टाकलं आणि वळून सहानुभूतीनं पाहिलं.

"जरा रेट की गाडी!"

"पालकानं घाई करायची नाही. कलम..."

"कलम माहीत आहे मला!" डॉक्टर ओरडले. दवाखान्यात त्यांचा आवाज कधी चढत नसे. भला थोरला पेशंट खुर्चीत थरथरत असला तरी ते मऊ आवाजात म्हणत, "अजिबात दुखणार नाही."

सभागृह दिसू लागलं. फोटोवाला दिसला, हार घेतलेला माणूस दिसला. डॉक्टरांनी टाय सारखा केला. तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे लागले, आणि गाडी कडेला गेली.

"आता माझा फोन वाजला नाही!" डॉक्टर म्हणाले.

"अंधार झाला, बाबा. अंधारात मला चालवता येत नाही."

"कुठाय अंधार? मला फोटोवाल्याच्या मिशा दिसताहेत!"

"अंधार म्हणजे काय, यावर तुमचा आणि वाहतूक खात्याच्या साहेबांचा अख्खा दिवस वाद झाला होता. तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, जिंकलो म्हणून. दिवे लागले की अंधार." लेक उतरली आणि दार उघडून उभी राहिली. "तुम्ही घ्या."

डॉक्टर चडफडत स्टिअरिंगमागे बसले. लेक शेजारी आली आणि तिनं हात पुढे केला.

"लायसन्स?"

"बापाला लायसन्स विचारतेस?"

"सवय लागलीये."

डॉक्टरांनी पाकिटातून कार्ड काढून तिच्या अंगावर टाकलं. तिनं ते दिव्याखाली धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"बाबा, याची मुदत संपून वर्ष उलटलंय."

डॉक्टरांचा आ वासला. त्यांच्या दवाखान्यात कुणाचा इतका वासला नव्हता.

"म्हणजे इतके दिवस मी शिकत होते," लेक सावकाश म्हणाली, "ते कुणाच्या भरवशावर?"

शेवटी बायकोला फोन गेला. ती सभागृहातून चालत आली, स्टिअरिंगमागे बसली आणि तिनं गाडी दारात नेली. फोटोत बायको ऐटीत स्टिअरिंगमागे आणि डॉक्टर मागच्या सीटवर, शाळेतून आणलेल्या पोरासारखे. भाषणाची सुरुवात गाळावी लागली. "कायदा सगळ्यांना सारखा" या वाक्याला मात्र लेकीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सोमवारी डॉक्टर मुदत वाढवून घ्यायला गेले. खिडकीतल्या बाई फारच अदबीनं वागल्या.

"वर्ष उलटून गेलं की पुन्हा नवशिके, साहेब. पहिल्यापासून. आम्ही तीन महिन्यांची सवलत मागत होतो, पण तुम्हीच ऐकलं नाहीत."

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत गाडी फाटकाबाहेर पडली. लाल पाटी तशीच होती. स्टिअरिंगमागे घामाघूम डॉक्टर, शेजारी पालक म्हणून बायको. एकच प्रवासी चालतो, म्हणून मागे फक्त लेक.

चौक आला. डॉक्टरांनी ब्रेक दाबायचा तो क्लच दाबला. मागून मऊ आवाज आला,

"घाबरू नका, बाबा. अजिबात दुखणार नाही."