साहेबांची होडी एकदाही अडली नाही

पाणी वरून खाली जाते आणि अर्ज खालून वर जातो. दोन्ही वाटेत अडतात. फरक इतकाच, की अडलेल्या पाण्याखाली गाळ साचतो आणि अडलेल्या अर्जाला क्रमांक मिळतो. आमच्या आंबेघरच्या खाडीला दोन्ही मिळाले.

जव्हार संस्थानाला समुद्र नाही. खाडी डोंगराखाली, इंग्रज सरकारच्या हद्दीत. पण मीठ आणि सुकी मासळी तिथूनच यायची. होडी आंबेघरला लागे, आम्ही डोंगरावरच्या आमच्या साखरशेतहून सकाळी उतरून दिवेलागणीला परत येत असू. सन १९०९ च्या पुरात खाडी गाळाने भरली आणि होड्या मुखाशीच थांबू लागल्या. मग मिठासाठी दोन दिवस जाणे, दोन दिवस येणे.

आमच्या पाड्यावरच्या तानीच्या घरात चालू शकणारी ती एकटीच. नवरा ताडावरून पडलेला. ती तान्ही मुलगी शेजारच्या हौशीच्या अंगावर पाजायला ठेवून जायची. चौथ्या दिवशी परत आली की पोर तिला बघून तोंड फिरवायची.

तेव्हा लोकांनी ‘खाडी उघडा मंडळ’ काढले. जव्हारचे गोवर्धनपंत कारकून चिटणीस झाले, कारण दौत त्यांची होती. अर्जावर एकूण ३१२ जणांची संमती पडली: अंगठे ३१०, सही एक (पंतांची), आणि एक ठसा कोंबडीचा असावा असा पुढे सरकारला संशय आला. (तो आमच्या पाड्यावरच्या सुकऱ्याचा होता.)

संस्थानाने उत्तर दिले, की तक्रार योग्य आहे, पण खाडी आमची नाही. सरकारच्या खाडीखात्याने उत्तर दिले, की खाडी आमची आहे, पण तक्रार आमची नाही. इतकी नेमकी उत्तरे मिळायला भाग्य लागते. पंतांनी पुन्हा लिहिले. दीड वर्षाने खात्याने तीन प्रश्न पाठवले. खाडी आहे काय? असल्यास ती बंद आहे काय? बंद असल्यास तिला खाडी का म्हणावे? तिसऱ्या प्रश्नावर मंडळाच्या चार बैठका झाल्या.

शेवटी १९१३ च्या वैशाखात खात्याचे साहेब स्वतः पाहणीला निघाले. मुखाकडून आंबेघरपर्यंत होडीनेच येणार, म्हणजे अडचण समक्ष दिसेल. इतका सरळ विचार सरकारात क्वचित होतो. आम्ही तीन पाड्यांचे लोक काठावर जमलो.

होडी आली. छप्पर ताडपत्रीचे, उन्हासाठी पडदे सोडलेले, आत साहेब कागदांत बुडालेले. अर्ध्या वाटेत ती गाळात रुतली. खलाशांनी वल्ही ठेवली आणि विड्या काढल्या. मंडळाच्या चार वर्षांच्या कामाला फळ आले होते.

आता आमची रीत सांगतो. डोंगरात साहेब आला की त्याला डोलीतून न्यायचे, एका पाड्याने दुसऱ्याच्या हद्दीपर्यंत, आणि साहेबाचा पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. ही वेठ आजोबापासूनची. तिच्यात कसूर झाल्याची नोंद नाही. कसूर करणाऱ्याच्या पाठीवर मात्र नोंदी होत्या.

“साहेब अडलाय,” सुकऱ्या म्हणाला आणि लंगोटी आवळून गाळात उतरला. त्याच्यामागे आम्ही चोवीस जण.

“अरं, राहू द्या त्याला तिथंच!” तानी काठावरून ओरडली. “बसू दे चिखलात! त्याशिवाय कळायचा नाय त्याला!”

“गप गं,” सुकऱ्या गाळातून म्हणाला. “आपल्या दारात साहेब रुतला तर तीन पाड्यांची लाज जाल.”

“नी माझी पोर? तिचा काय, काका?”

“आधी साहेब पोचू दे. मग सांगू त्याला.”

“उचलून नेल्यावर काय सांगशील, तुझा कपाळ?”

कोणी ऐकले नाही. होडी आम्ही साहेबासकट खांद्यावर घेतली. (मी डाव्या बाजूला तिसरा.) रीतीप्रमाणे एका पाड्याकडून दुसऱ्याकडे असे दोनदा खांदे बदलले आणि आंबेघरच्या धक्क्यावर अलगद टेकवली. साहेब खुशीत उतरले. सुकऱ्या हात जोडून सांगू लागला, तोवर त्यांच्या चहाची वेळ झाली.

अहवाल मी पुढे म्हातारपणी अक्षरे शिकल्यावर वाचला. भाषा सुंदर आहे. ‘होडी एकदाही अडली नाही. लाटा मध्यम. वाटेत दोनदा भरतीचा जोर जाणवला. स्थानिक लोक आनंदाने होडीलगत पोहत होते. सबब खाडी चालू असून अर्जदारांचा गैरसमज झाला आहे.’

खाडी चालू ठरल्यामुळे मुखाकडे जाणारी डोंगरातली मिठाची पायवाट अनावश्यक ठरली आणि जंगलाच्या साहेबांनी तिला काटेरी कुंपण घातले. आता वळसा घालून जाऊन यायला सहा दिवस लागू लागले. तानीची मुलगी तोवर बोलायला शिकली होती. आई म्हणे ती हौशीला.

चालू खाडीची पाहणी दरसाल होते. दरसाल आम्ही होडी उचलतो. तानी आता ओरडत नाही, नुसती काठावर उभी राहते.

वाचणारे शहाणे लोक हसतील, की डोंगरातली माणसे किती भोळी. हसावे. फक्त गेल्या खेपेला तुमच्या गावात साहेब आला, तेव्हा आदल्या दिवशी रस्त्यातले खड्डे मातीने बुजवून वर पाणी कोणी शिंपडले, तेवढे आठवून पाहावे. आणि त्यावेळी काठावर कोण उभे होते, तेही.