वानखडे सरांची मावशी

"हॅलो, हॅलो. काका सोडा. काका राहू द्या म्हणतो ना मी. मावशी शोधा, मावशी. सगळ्या ओळी पाहा. कुठी कुठी गेली ते सांगा मले."

आमच्या पोस्टात आठवड्यातून एकदा तरी हा पुकारा व्हायचा. वानखडे सरांचा नागपूरचा ट्रंक कॉल लागला की अख्ख्या कारंजा गावाला कळे, कारण नागपूरला बोलताना सर टेलिफोनची फारशी मदत घेत नसत. तारेतून आवाज जातो हे त्यांना गणिताने मान्य होतं, पण भरवसा त्यांचा स्वतःच्या फुप्फुसांवर. मी ट्रंक कॉलच्या खिडकीवर बसत असे. सरकारने मला पगार दिला, पण कानांचा भत्ता कधी दिला नाही.

सर कॉलेजात गणित शिकवायचे. त्याआधी ते नागपूरच्या एका संस्थेत होते. तिथे खोलीभर पसरलेलं एक कॉम्प्युटर नावाचं यंत्र होतं. त्याला गारवा लागे, म्हणून यंत्राला थंड हवा आणि माणसांना मे महिना अशी तिथली वाटणी होती. तालुक्यातालुक्यातल्या पावसाची बेरीज करण्यासाठी सरांनी त्या यंत्राला प्रोग्रॅम लिहून दिला होता, म्हणजे काय काय करायचं याच्या हजारो ओळी. सर कारंज्याला आले, प्रोग्रॅम तिथेच राहिला, आणि सर नाहीत हे पाहून तो बिघडला. शेजारच्या मानोरा तालुक्याच्या पावसात रोज कुठूनतरी भर पडू लागली. कागदावर मानोरा बुडत होता आणि मानोऱ्याचे लोक हंडे घेऊन टँकरची वाट पाहत होते. पण कागद इंग्रजीत असल्यामुळे संस्थेचा विश्वास कागदावर होता.

आता मावशी कोण, ते सांगतो. प्रोग्रॅममध्ये प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावं लागतं. जगातले शहाणे लोक ए, बी, एक्स असं काहीतरी देऊन मोकळे होतात. सरांनी मावशी, काका, काकू, मामा, आत्या अशी नावं दिली होती. नाव इंग्रजीत सहा अक्षरांत बसलं पाहिजे ही यंत्राची अट, आणि मावशी बरोबर सहात बसते याचा सरांना वरसंशोधन जमल्यासारखा आनंद होता. एखादं नाव कुठल्या कुठल्या ओळीत आलंय ते डोळ्यांनी शोधायचं तर माणूस म्हातारा होईल. म्हणून तिथे टाइपरायटरसारख्या यंत्रावर एका ओळीचा हुकूम टाइप करायचा: अमुक नाव शोध. की यंत्र खडखडाट करत ते नाव असलेल्या तेवढ्याच ओळी छापून देई. सर इथून ओरडायचे, तिकडचा ऑपरेटर हुकूम टाइप करायचा आणि उत्तर वाचून दाखवायचा.

"पण यंत्राले अक्कल नाई," सर मला खिडकीतून समजावत. "ते फक्त अक्षरं पाह्यते. काका शोध म्हटलं तं काकाजीले बी धरून आणते."

मी मान हलवायचो. असे हवालदार आमच्या गावात पुष्कळ होते.

या धंद्यामुळे सरांना एक वाईट खोड लागली होती. कोणीही काहीही म्हणालं की ते दोन प्रश्न विचारत. "हे ठरलं कुठी? आन् आलं कुठी कुठी?" वाणी म्हणाला, साखर उद्या येईल, की सर विचारणार, हा उद्या ठरला कुठी? प्रिन्सिपॉल म्हणाले, सगळ्यांचं असं मत आहे, की सर सगळ्यांची नावं विचारणार. प्रिन्सिपॉलसाहेबांना स्वतःखेरीज दुसरं नाव आठवत नसे. एकदा स्थळ घेऊन मंडळी आली. मुलगी वळणाची आहे, असं मुलीचे मामा म्हणाले. सरांनी अगदी नम्रपणे विचारलं की वळणाची आहे हे पहिल्यांदा कोण बोललं, आणि त्यानंतर आणखी कोण कोण बोललं. मंडळी चहा न घेता उठली. पुढे स्थळं यायची थांबली, आणि सर चाळिशीला आले तरी जैन मंदिरामागच्या आमच्या गल्लीत एका खोलीत एकटे राहत. मी समोरच राहत असे. त्यांच्याकडे पाहुणा आलेला मी कधी पाहिला नाही. दिवाळीत कॉलेज बंद झालं की ते ओट्यावर बसून गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला "कुठी चालले?" असं विचारत आणि उत्तर ऐकून खूश होत.

पण गावाला प्रोग्रॅम कुठला माहीत. गावाला ऐकू आली ती हरवलेली मावशी. पोस्टात तिकिटं घ्यायला आलेल्या बायका पदर डोळ्याला लावून जाऊ लागल्या. पाहता पाहता मावशीला रूप आलं. ती गोरी होती, जराशी लंगडत होती, आणि सुनेशी भांडून निघाली होती. एका गृहस्थांनी तिला मानोऱ्याच्या बाजारात बांगड्या भरताना पाहिलंही होतं. खुद्द सरांना कोणी काही विचारलं नाही. ज्याचं दुःख त्याला सोडून सगळ्यांशी बोलायचं, हा आमच्या गावचा शिष्टाचार. मी खरं काय ते सांगून पाहिलं. लोक म्हणाले, "तुमी पोस्टातले. तुमाले दाबून ठेवाच लागते."

सगळ्यात जास्त मनावर घेतलं ते दगडूभाऊंनी. दगडूभाऊ एसटीत कंडक्टर, मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या तोंडाचा माणूस. प्रत्येक थांब्यावर तिकिटं फाडता फाडता ते विचारत, "इकडे कोणाची मावशी दिसली का बावा? आमचे सर पार खंगून राह्यले." सर खंगत वगैरे नव्हते. मानोऱ्याचा पूरही ओसरला होता. नागपूरवाल्यांनी चूक शोधून काढली, ती मावशीची नव्हतीच, मामाची होती. पण ही बातमी दगडूभाऊंपर्यंत पोचली नाही. चांगल्या बातम्या एसटीने जात नाहीत.

एका रविवारी सकाळी दगडूभाऊ आमच्या गल्लीत आले. मागे एक म्हातारी, काखेत गाठोडं. त्यांच्यामागे निम्मं गाव.

"सर, घ्या तुमची मावशी. जऊळक्याच्या स्टेशनावर भेटली."

सर बनियनवर बाहेर आले. म्हातारीकडे पाहिलं, दगडूभाऊंकडे पाहिलं.

"ही मावशी कोण म्हणालं तुमाले?"

"कोण म्हणजे? सगळं स्टेशन म्हणते ना. चहावाला मावशी म्हणते, हमाल मावशी म्हणते, मास्तर बी मावशीच म्हणते."

मला हसू फुटलं. आपल्याकडे कुठल्याही म्हातारीला मावशीच म्हणतात, हे हा भला माणूस विसरला होता. मी गर्दीला सगळं उलगडून सांगितलं. गर्दीची निराशा झाली आणि ती पांगू लागली. दगडूभाऊंचा चेहरा उतरला.

"मंग सर, तुमी फोनवर कोणाले बोंबलत होते?"

सर म्हणाले, "ते नुसतं नाव हाय दगडूभाऊ. मले मावशी नाई. काकू, मामा, आत्या, कोणीच नाई. बोर्डिंगात वाढलो म्या. नावं द्याचीच होती, तं म्हटलं, हीच देऊ. तेवढंच हाक मारल्यासारखं वाटते."

माझं हसणं जागीच राहिलं. इतकी वर्षं या माणसाच्या समोर राहून मी त्याच्या आरडाओरड्याच्या नकला करत होतो, आणि आता मला अतिशय वाईट वाटलं.

म्हातारी तोवर ओट्याच्या कडेला टेकली होती. ती शांतपणे म्हणाली, "मले ठावं होतं तू माहा नाई. मले बहीणच नव्हती. आमची मजुरायची टोळी कामाले पुढं गेली, माह्यानं काम होत नाई म्हून मले ठेशनावर बसवून गेले. मंग हा म्हणे, कोणीतरी मावशीले शोधून राह्यला. मले आजवर कोणी शोधलं नाई बापा. म्हटलं, पाहून तं येऊ."

दगडूभाऊ खाली पाहत म्हणाले, "चुकी माही हाय सर. परतीच्या गाडीनं नेऊन सोडतो."

"कोणाकडे?"

सरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. ते वाकले, तिच्या काखेतलं गाठोडं घेतलं आणि दुसरा हात तिच्यापुढे केला.

"चाल मावशी, आत चाल. उंबरा उंच हाय, पाहून पाय टाक."