म्हसळ्यास तांब्याच्या पैशाची तसबीर घेतली त्याची हकीकत

अष्टागर प्रांती, मौजे किहीम, नारळीचे वाडीत पत्र्याचे छपराखाली ज्यांचा कारखाना, ऐसे राजमान्य राजश्री स्वप्निलराव, नाण्यांची छायाचित्रे काढण्याचे कामी अद्वितीय, म्हणजे या कामी तालुक्यात दुसरा कोणीच नाही, यांणी म्हसळ्यावर स्वारी करून तांब्याचा एक पैसा कैसा सर केला, त्याचा हा मजकूर. लिहिणार खासे स्वप्निलरावच, कारण दुसरा कोणी लिहीना. राजश्रींचे कुटुंब सौभाग्यवती हेमांगीबाई यांणी ताकीद केली की, लिहायचेच तर जाहले तैसे लिहावे, पोटाचा उल्लेख गाळू नये. सबब गाळिला नाही.

पूर्वी राजश्री किनाऱ्यावर हौशी जोडप्यांची छायाचित्रे काढीत. मग मनी आले की, माणसे हलतात, डोळे मिटतात आणि फोटोत जाड दिसलो म्हणोन हुज्जत घालतात. नाणे यातले काहीच करीत नाही. त्यातही जी नाणी जाणकार पारखितात, दर्जा ठरवितात आणि स्वच्छ प्लास्टिकचे डबीत कायमची सीलबंद करितात, ती तर बोटाचा डागही घेत नाहीत. त्या डबीस धंद्यात स्लॅब म्हणतात. राजश्रींनी मोठा मनसुबा केला आणि रस्त्यावर फलक लाविला की, येथे स्लॅबचे उत्तम फोटो काढून मिळतील. पहिले बोलावणे काशीदहून आले. राजश्री दिवे, कॅमेऱ्याचे तिकाटणे घेऊन जातीने गेले, तो तेथे बंगल्याचा स्लॅब ओतीत होते, आणि ठेकेदार म्हणाला, "वर चढा, तिकडून पुरा येईल." राजश्री इतके दूर आलेच होते, म्हणोन चढले.

ऐसे दिवस चालले असता म्हसळ्याहून जुलेखाबी यांचा फोन आला. त्यांचे यजमान मुश्ताकभाई सारी उमर जहाजावर काढून घरी आले, तेव्हा झांजिबारचा एक तांब्याचा पैसा बरोबर आणिला होता. पुढे हौसेने पारखवून सीलबंद करविला, आणि मग गेल्या साली अल्लाघरी गेले. जाण्यापूर्वी सांगोन गेले की, पैसा लेकीस, जुनेरास द्यावा. जुनेरा मस्कतास आपले संसारी परत निघाली होती. पैसा तिजबरोबर जाणार, आणि जुलेखाबींजवळ भिंतीवर लावण्यास त्याची मोठी तसबीर राहावी, इतकीच इच्छा.

राजश्रींनी तत्काळ कूच केले. हेमांगीबाईही निघाल्या. कारण विचारता बोलल्या की, तुम्ही निम्मे सामान घरी विसरता. राजश्रींस हे अपमानास्पद वाटले. मग मुरूड मागे टाकून, आगरदांड्यास गाडीसुद्धा बोटीत चढोन, खाडी उतरोन दोघे म्हसळ्यास दाखल जाहले.

जुलेखाबींनी चहा दिला, डबी पुढे ठेविली आणि खरी गोष्ट मग सांगितली. पैशाचे एके अंगी तराजू होता. मुश्ताकभाई म्हणत की, तराजूचे डावे पारडे खाली आहे, माल तिकडे घातला आहे. जुलेखाबी म्हणत की, दोन्ही पारडी सम आहेत. यावरोन नवराबायकोत पैसा घरी आला त्या दिवसापासोन कलह. भिंग घेऊन दोघे खिडकीशी बसत, आणि दोघांस आपलेच खरे दिसे. आता बाईंचे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, भिंगानेही काही उमजेना.

"तव्याएवढा मोठा करा, भाऊ," त्या म्हणाल्या. "एकदा काय तो निकाल लागू दे. पैसा आज चाललाय, मग मी कुणाला विचारू?"

हे ऐकोन राजश्रींस आपण न्यायाधीश जाहलो ऐसे वाटले. जेवणाचे मेजावर मोर्चा बांधिला. मेज कलते असेल तर निकाल खोटा पडेल, म्हणोन मोबाइलातील पाणसळ लावून पायांखाली पुठ्ठे सारिले, कॅमेरा सरळ खाली रोखिला, दोहीं बाजूंस दिवे लाविले आणि पहिला वार केला.

तसबीर पाहतात तो पैशावर तराजू नाही. पैशावर खुद्द स्वप्निलराव, टकलासहित. डबीचे प्लास्टिक आरशाप्रमाणे झळकत होते. मग राजश्री बाजूस सरले आणि दुसरा वार केला. या खेपेस ट्यूबलाइट आली. ट्यूबलाइट विझविली, पोट आले. श्वास ओढोन धरिला, तरी आले. राजश्रींनी पांढरा सदरा घातला होता, तो प्रत्येक तसबिरीत तराजूचे दोहीं पारड्यांवर पसरे. त्यांणी यजमानीणबाईंस समजाविले की, हा उजेडाचा स्वभाव आहे. हेमांगीबाई बोलल्या की, उजेडाचा नव्हे, काळे कापड कुठे आहे ते सांगा.

काळे कापड हेच या युद्धातील मुख्य शस्त्र. कापडास भोक पाडोन त्यातून कॅमेऱ्याचा डोळा तेवढा बाहेर काढावा, म्हणजे डबीस वर काळोखच दिसतो आणि प्रतिबिंब पडत नाही. राजश्रींस हे उत्तम ठाऊक होते. कापड किहीमास दोरीवर वाळत होते, हेही आता ठाऊक जाहले.

इतक्यात जुनेरा आतून आली. खाली गाडीत सामान चढले होते. "अम्मी, विमान थांबायचा न्हाय," ती हळूच म्हणाली, आणि डबीकडे न पाहता आईशेजारी बसली. घरात काळे काय आहे, ऐसे हेमांगीबाईंनी विचारिले. जुलेखाबी उठल्या, दाराआडची काळी छत्री घेऊन आल्या आणि सोबत कात्री दिली.

"चाची, नवीन दिसते," हेमांगीबाई म्हणाल्या.

"छत्री बाजारात मिळल. कापा."

हेमांगीबाईंनी छत्रीस मधोमध दांड्यालगत भोक पाडिले. मग छत्री मेजावर उघडी धरिली, भोकातून कॅमेऱ्याचा डोळा खाली काढिला, दिवे छत्रीखालून तिरपे सोडिले आणि राजश्री स्टुलावर चढले. जुनेराने स्टूल धरिले, हेमांगीबाईंनी छत्री धरिली, जुलेखाबींनी ओठांत दुवा मागितली. बटण दाबिले.

आणि पैसा उगवला. काळोखातून तांबूस रंग वर आला, काठाशी जुनी लाली, मध्ये कोरीव तराजू, त्याच्या दोऱ्याही मोजाव्या ऐशा. राजश्रींनी लॅपटॉपवर मोठा केला, मधली दांडी उभी सरळ धरोन दोहीं पारड्यांखालून आडवी रेघ ओढिली. रेघ दोन्ही पारड्यांस एकसारखी लागली. केसभरही फरक नव्हता.

जुलेखाबी पडद्यास नाक लावोन बराच वेळ पाहत राहिल्या. जुनेरा म्हणाली, "अम्मी, तू जिंकलीस." बाईंनी डबी ओढणीचे टोकाने पुसोन लेकीचे हाती दिली, आणि लेक गळ्यात पडली. गाडी माणगावचे रोखे निघोन गेली.

पुढे राजश्रींनी तसबीर मोठी छापविली, काचेचे चौकटीत बसविली आणि पुन्हा खाडी उतरोन म्हसळ्यास नेली. या खेपेस मोबाइलातील नव्हे, खरी पाणसळ बरोबर घेतली होती. खिळा ठोकिला, चौकट लाविली, पाणसळ धरोन इतकी सरळ केली की तशी सरळ वस्तू त्या घरात दुसरी नव्हती, आणि तारिफेची वाट पाहत उभे राहिले.

जुलेखाबींनी तसबीर पाहिली. जवळ गेल्या आणि एका बोटाने चौकट ढकलिली. डावी बाजू खाली आली.

"चाची, वाकडी झाली," राजश्री बोलले.

"ऱ्हाऊ दे."

"पण तुमचंच खरं निघालं ना?"

"माझाच खरा होता," बाई म्हणाल्या. "आता त्यांच्याशी भांडून काय करू? ते घरात असते तर सरळच लावली असती."

राजश्री पाणसळ हाती घेऊन उभे होते. ती त्यांणी खिशात घातली. हेमांगीबाईंनी तोंड फिरवोन डोळे पुसले, आणि सर्वांनी चहा घेतला.

येणेप्रमाणे म्हसळ्याची मोहीम फत्ते जाहली. जुलेखाबी आल्यागेल्यास तसबीर कौतुके दाखवितात आणि फोटो काढणाराचे नाव पत्त्यासह सांगतात. पाहुणे वाकडी चौकट पाहतात आणि नाव ध्यानी ठेवितात, की याजकडोन काही लावून घेऊ नये. तेव्हापासोन त्या तालुक्यातून दुसरे बोलावणे आले नाही. ऐसे असता राजश्रींनी एकदाही कोणास खुलासा केला नाही, ही त्यांचे कारकिर्दीतील एकच मर्दुमकी, तिची येथे नोंद केली असे.