तंपुरानसाठी सोबती निवड समिती

या, अशी जवळ सरकून बसा. भिंतीला टेकू नका. टेकलेला श्रोता आधी डुलतो, मग घोरतो, आणि पुण्य मात्र अख्ख्या कथेचं मागतो. आज एका माशाची गोष्ट सांगतो. अंगठ्याच्या नखाएवढा मासा, पण त्याला सोबती शोधता शोधता एक अख्खी ग्रामपंचायत घामाघूम झाली.

पंपा नदीच्या काठी तेक्कडवू नावाची पंचायत आहे. तिथले अधीक्षक गंगाधर कुरुप. तिकडे साहेबांना 'सार' म्हणतात, म्हणून कुरुप सार. माणूस भाविक. देवळाच्या उत्सवात कथाप्रसंगम, म्हणजे तिकडचं कीर्तन, असलं की कुरुप सार पहिल्या रांगेत. कथेतला दरिद्री भक्त देवाच्या दारात ताटकळू लागला, की यांचं उपरणं डोळे पुसून पुसून ओलं व्हायचं. सकाळी दहाला ते कार्यालयात येत, तेव्हा उपरणं वाळलेलं असे.

तर या कार्यालयाला राजधानीहून परिपत्रक आलं. विषय: जनस्नेही कार्यालय. कलम चौदा असं होतं, की खोळंबलेल्या नागरिकांना विलंबाची जाणीव होऊ नये यासाठी बाकासमोर काचेची मत्स्यटाकी ठेवावी. तीत किमान तीन जातींचे किमान पाच जीव परस्पर सलोख्याने नांदत असल्याचे दिसावे. पाहणी एकोणतीस मार्चला. जिल्ह्यातल्या सर्वांत जनस्नेही कार्यालयाला मानपत्र.

टाकी आली. लिसम्मा नावाच्या कारकून बाईंनी बारा गप्पी मासे आणले. शिपाई पैली, वय वर्षं पंचावन्न, नदीवरून शोभेसाठी शेवाळ घेऊन आला. त्या शेवाळात लपून एक जण कार्यालयात रुजू झाला. पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके, पोट गोल, आणि डोळे असे की एक पूर्वेला पाहतोय तर दुसरा पश्चिमेला. सोमवारी कार्यालय उघडलं तेव्हा टाकीत गप्पी बारा होते आणि शेपट्या सगळ्यांच्या मिळून तीन.

"हा फुगणारा मासा, सार," पैली म्हणाला. "डिवचलं की चेंडूसारखा फुगतो. आकारावर जाऊ नका. नदीत याच्या वाटेला कुणी जात नाही."

"रुबाब तर जुन्या जहागीरदार तंपुरानसारखा आहे," लिसम्मा म्हणाली. जहागिरी गेल्या, पण ते नाव माशाला चिकटलं.

पैलीने त्याला नदीत सोडून यायची तयारी दाखवली. कुरुप सार खवळले. "टाकी आणि मासे साहित्य नोंदवहीत चढलेत. लेखापरीक्षकाला काय सांगू, वस्तू पोहून गेली?"

म्हणून आधी तंपुरानला ज्ञापन देण्यात आलं. सहकाऱ्यांच्या शेपट्या का खाल्ल्या याचा खुलासा तीन दिवसांत करावा. ज्ञापन काचेला आतल्या बाजूने वाचता येईल असं चिकटवलं. खुलासा आला नाही. तेव्हा "संबंधितास काही सांगावयाचे नाही" अशी नोंद झाली, आणि सोबती निवड समिती नेमण्यात आली. अध्यक्ष कुरुप सार, सचिव लिसम्मा.

हे सगळं समोरच्या बाकावरून एक बाई पाहत होत्या. कार्त्यायनी अम्मा. चौदा महिने त्यांची जागा तीच. त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, त्याला पंचायतीचा घरक्रमांक हवा होता. क्रमांक नाही तर विजेचं मीटर नाही. विजेचा खांब दारापर्यंत आला होता. फुकट जोडणीची योजना एकतीस मार्चला संपत होती. नात अंबिली नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास रेशन दुकानाच्या ओट्यावर, दुकानाच्या दिव्याखाली करायची. फाइल होती बी-तीन या टेबलावर, आणि बी-तीन रिकामं होतं. या चौदा महिन्यांत त्या टेबलावर पाच कारकून आले. एक आजारी पडला, एकाने बदली मागितली, एकीने दीर्घ रजा घेतली, एक दुबईला गेला, आणि पाचवा कुठे गेला ते त्याच्या घरच्यांनीही सांगितलं नाही. बी-तीनचे कागद कुरुप सारांच्या केबिनमध्ये जात, एवढंच त्या टेबलाचं वैशिष्ट्य.

आता समितीकडे वळू. कार्यालयात कर्मचारी नऊ आणि संघटना तीन. टाकीत आपला प्रतिनिधी हवा, असा तिन्हींचाही आग्रह. पहिल्या संघटनेने लाल मासा दिला, शेपटी तलवारीसारखी. दोन दिवसांत तलवार गेली, मूठ उरली. दुसरीने पांढरा, लांब झालरींचा, शांत वृत्तीचा एंजल मासा दिला. गुरुवारपर्यंत त्याची वृत्ती तेवढी शिल्लक राहिली. तिसरी संघटना म्हणाली, इथे वजनदार माणूस हवा, आणि त्यांनी तळहाताएवढा, करिमीन नावाचा दणकट मासा आणला. तंपुरान त्याच्यासमोर जागच्या जागी तरंगत उभा राहिला. एका डोळ्याने त्याला खालीवर न्याहाळलं, दुसरा डोळा कुरुप सारांच्या केबिनवर ठेवला, आणि मागे जाऊन हवा तेवढा घास घेतला. करिमीन टाकीतल्या हवेच्या पंपामागे जाऊन बसला तो बाहेर येईना.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या संघटनेने काळ्या फिती लावल्या. जखमी सदस्याला भरपगारी रजा द्या, दोषीवर कारवाई करा. कुरुप सारांनी सेवाज्येष्ठता तपासली. नोंदवहीतल्या तारखेप्रमाणे टाकीत हयात असलेल्यांत तंपुरान सर्वांत ज्येष्ठ निघाला.

"म्हणजे करिमीनची तक्रार योग्य मार्गाने यायला हवी," सार म्हणाले. "वरिष्ठाच्या शिफारशीसह."

"वरिष्ठ म्हणजे तंपुरानच की, सार," लिसम्मा म्हणाली.

"मग त्यांच्या शिफारशीची वाट पाहू."

पाहणीला सहा दिवस उरले. टाकीत तंपुरान, पंपामागचा करिमीन आणि पाणी. तेव्हा कार्त्यायनी अम्मा केबिनच्या दारात आल्या.

"सारे, एक बोलू?"

"अर्जाचं असेल तर बी-तीनला भेटा."

"तिथे कुणी नाही."

"कुणी आलं की भेटा."

"अर्जाचं नाही हो. माशाचं आहे."

"मग उभ्या का? बसा! पैली, अम्मांना चहा."

चौदा महिन्यांत पहिल्यांदा पाठीला टेकू असलेली खुर्ची मिळाली. अम्मा म्हणाल्या, "तुम्ही त्याला भांडखोर म्हणता. त्याचे दात सारखे वाढतात, सारे. नदीत तो गोगलगायी फोडतो, दात झिजतात, पोट भरतं. इथे फोडायला काही नाही, म्हणून शेपट्या कुरतडतो. दाट शेवाळ घाला, लपायला दोन दगड द्या, रोज गोगलगायी टाका. आणि शेपटीवाला शेजारी मुळीच देऊ नका. त्याला सोबत नको आहे. सोबत तुमच्या कागदाला हवी आहे."

"पण पाच जीव भरायचे कसे?"

लिसम्माने मान वर केली. "सार, गोगलगायीही जीवच. चार रोज नेमू. रोजंदारीवर."

समितीने ठराव केला. करिमीनला वैद्यकीय कारणास्तव पैलीच्या विहिरीत पाठवलं. रोज सकाळी चार गोगलगायी रुजू होत, सायंकाळी सेवेतून मुक्त होत, दुसऱ्या दिवशी त्याच नावांवर नव्या येत. हजेरीपट कायम भरलेला. पुरवठा कोण करणार? कार्त्यायनी अम्मा. भातखाचरातून वेचून केळीच्या पानात बांधून त्या नऊच्या होडीने आणत, तंपुरानला देत आणि बाकावर जाऊन बसत.

एकोणतीसला पाहणी अधिकारी बाई आल्या. टाकीत हिरवंगार शेवाळ, मधे एकटे तंपुरान, काचेवर चार गोगलगायी.

"जाती किती?"

"मासा, गोगलगाय आणि शेवाळ, मॅडम. तीन."

तेवढ्यात टाकीतून कटकन आवाज आला.

"हे काय?"

"सलोखा, मॅडम," पैली म्हणाला.

बाईंनी तक्त्यात बरोबरची खूण केली. मग रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. "इथे कोण बसतं?"

"योग्य व्यक्ती मिळत नाही," कुरुप सार म्हणाले. "पाच जण आले, पण टिकत नाहीत."

बाईंनी टाकीकडे पाहिलं, सारांकडे पाहिलं, आणि "हं" एवढंच म्हणाल्या. लिसम्मा टेबलाखाली पडलेली टाचणी बराच वेळ शोधत राहिली. मानपत्र मिळालं.

एकतीसला अम्मा गोगलगायी घेऊन आल्या, पण बाकावर बसल्या नाहीत. केबिनच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सारे, आज एकतीस."

का कोण जाणे, त्या दिवशी कुरुप सारांना कथेत ओलं होणारं ते उपरणं टोचलं. ते उठले, स्वतः बी-तीनच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि फाइल उघडली. पहिल्या कारकुनाने लिहिलं होतं: जागा पाहिली, घर नियमात आहे, क्रमांक द्यावा. खाली लाल शाईत सारांचं अक्षर: चर्चा करावी. दुसऱ्याने लिहिलं होतं, क्रमांक द्यावा. लाल शाई: चर्चा करावी. तिसरी, चौथा, पाचवा, सगळ्यांनी तेच लिहिलं होतं आणि सगळ्यांखाली तेच दोन शब्द होते. चर्चा एकदाही झाली नव्हती. चर्चेसाठी केबिनमध्ये गेलेला माणूस बाहेर कसा यायचा, ते सगळ्यांनी पाहिलेलं होतं.

सार स्वतःशीच हसले. हसू थोडं कडू होतं. "लिसम्मा, खरं सांग. मी चावतो का गं?"

"सार, मी दोन वर्षं शेपटी पोटाशी धरून बसलेय," लिसम्मा म्हणाली.

सारांनी सही केली, शिक्का मारला. घरक्रमांक सात-चारशेबारा. वाजले होते साडेतीन. वीज कार्यालय नदीपलीकडे. सार स्वतः अम्मांबरोबर होडीत बसले, हातात कागद धरून, पाणी उडेल म्हणून उपरण्याखाली झाकून.

खिडकीतल्या माणसाने कागद उलटसुलट पाहिला. "शाई ओली दिसतेय. आजच दिला? शेवटच्याच दिवशी?" आणि कोपऱ्यात लिहिलं: चर्चा करावी. "साहेब वर्षअखेरच्या बैठकीत आहेत."

"अहो, मी पंचायतीचा अधीक्षक. मीच सही केली आहे."

"मग पद्धत तुम्हाला सांगायला नको. बसा तिकडे."

सार बाकावर बसले. अम्मांनी पदरातून वाफवलेलं केळं काढलं, अर्धं मोडून त्यांच्या हातात दिलं. "खा, सारे. तुम्हाला सवय नाही. पहिल्या दिवशी पाठ भरून येते. मग कळत नाही."

पाचला खिडकी बंद झाली. साहेबांची बैठक संपली नव्हती. योजना संपली.

आपण हसलो, मीही हसलो. हसायला हरकत नाही, मासा खरंच गमतीचा होता. पण घरी गेल्यावर आपापला खण उघडा, मोबाइलही उघडा. कुणाचा तरी कागद, कुणाचा तरी निरोप तिथे पडलेला असेल, आणि त्याखाली आपल्याच हातचं "बघू", "बोलू", "नंतर". आपण चावलो असं आपल्याला वाटतसुद्धा नाही, कारण दुखतं ते दुसऱ्याला. अंबिली अजून रेशन दुकानाच्या ओट्यावर वाचते आहे. तेव्हा पुढच्या वेळी तसे दोन शब्द लिहायला हात गेला, तर देवाचं नाव घेतलं नाहीत तरी चालेल, पण कार्त्यायनी अम्मांची तेवढी आठवण ठेवा.