मंदाबाईचा पंचनामा

आमच्या अमरावतीच्या कॉलनीत सकाळचे सात वाजले हे कळायला घड्याळ लागत नाही. शेजारच्या कंपाउंडवरून आरोळी येते, "पंच मॅडम, हाजीर व्हा वं!" पंच म्हणजे मी. तव्यावरची पोळी उतरवायची, गॅस बंद करायचा आणि पळायचं. तायडेकाकांच्या मंदाबाईला इन्सुलिनची सुई द्यायची असते आणि पंचांशिवाय ती सुई आत जात नाही.

मंदाबाई म्हणजे काकांची कुत्री. गावठी, तांबडी, अकरा वर्षांची आणि शुगरची पेशंट. काका जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. चांदूर बाजारकडची कितीतरी वावरं त्यांनी साखळी ओढून मोजली. मोजणीला पंच लागतात, म्हणून सुईलाही लागतात. काका सुई भरतात, उजेडाकडे धरतात आणि माझ्या नाकापुढे आणतात. "वाचा." मी वाचते, "बारा." की मंदाबाईच्या मानेची चामडी चिमटीत आणि सुई आत. मग रजिस्टर पुढे येतं. मजकूर ते सांगतात, मी लिहिते:

'आज रोजी सकाळी सात वाजता श्रीमती मंदाबाई यांना बारा युनिट इन्सुलिन पंचांसमक्ष देण्यात आले. त्या वेळी पूर्वेस कूलर, पश्चिमेस माठ, उत्तरेस बाबाराव. हरकत कोणाचीही नाही.'

खाली माझी सही. संध्याकाळी सातला पुन्हा हाच तमाशा.

उत्तरेचा बाबाराव हा दुसरा कुत्रा. त्याला फिट्स येतात. म्हणून त्याच्या कानावर कुकरची शिट्टी, फटाका आणि आमच्या ह्यांची शिंक पडायला मनाई आहे. आमचे हे गेली तीन वर्षं बाथरूमचं दार लावून, तोंडात टॉवेल कोंबून शिंकतात. आपल्याच घरात!

कधी सुईत मी तेरा किंवा चौदा वाचले, की काका खूश व्हायचे. "शाब्बास! पंच जागा हाये का झोपला, थेच पाहून राहिलो होतो." मग बारावर आणायचे आणि पुन्हा "वाचा." मी मनात म्हणायची, एवढी परीक्षा तर शाळेत बाई म्हणून नोकरी लागताना कोणी घेतली नाही.

लघवी तपासायची असली की मोजणीच्या जुन्या काठीला वरणाची पळी बांधून काका मंदाबाईच्या मागेमागे वाकून फिरतात. ती बसली की पळी पुढे. अलीकडे नेम फार चुकायचा. त्यांच्याकडे जेवायला बसलं तर मी आधी पळी नीट ओळखून घेते, मगच वरण घेते.

त्यांच्या भाच्याच्या लग्नाला आम्ही सगळे अकोल्याला गेलो. मंदाबाई पुढच्या रांगेत, खुर्चीवर. नवरदेव नाचून नाचून उशिरा आला आणि भंतेजींनी वंदना सुरू करायला नि सात वाजायला एकच गाठ पडली. काका उभे राहिले. "भंतेजी, दोन मिनिटं. तुमचं थांबते, शुगर थांबत नाही." मी तिथे साडी सावरत बारा वाचले. काकांनी रजिस्टर काढलं, तसं नवरीच्या मामाने आणि आत्याने पुढे होऊन झोकात सह्या ठोकल्या. त्यांना वाटलं, लग्नाची नोंद आहे. मंदाबाईच्या इन्सुलिनला आजही त्यांची मान्यता आहे!

काकू जाऊन पाच वर्षं झाली. मंदाबाईला पिल्लू असताना रिद्धपूरच्या फाट्यावरून पदरात घालून आणलं ते काकूंनीच. मुलगी सुनीता पुण्याला. तिच्या बिल्डिंगीत कुत्रं चालत नाही, आणि काकांना कुत्र्याशिवाय घर चालत नाही. विषय संपला.

तर एका रविवारी माझा डोळाच उघडला नाही. सव्वासात वाजता, केससुद्धा न विंचरता धावले, तर काका ओसरीवर एकटेच. एका हातात मंदाबाईची चामडी, दुसऱ्या हातात सुई. अगदी टेकवलेली.

"थांबा!" मी ओरडले. "दाखवा आधी." सुई मी उजेडाकडे धरली. "काका, हे वीस आहेत."

"बरोबर वाचा."

"वीसच आहेत हो! मेली असती ती!"

काकांनी चामडी सोडली. मंदाबाई त्यांचा हात चाटायला लागली. तिला काय माहीत.

"मले दिसत नाही मॅडम," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. दोन्ही डोयांत मोतीबिंदू. रेषा दिसतच नाहीत."

मी थक्क. म्हणजे ते पंच, ती परीक्षा, ते शाब्बास! मला राग आला आणि रडूही आलं. "मग ऑपरेशन काहून नाही केलं?"

"चार दिस वाकाचं नाही म्हणते डॉक्टर. मंदाले सुई कोन देईन? अन् सुनीताले समजलं तं मले पुन्याले नेईन. हिले कुठी ठेवू?"

आता माझं सांगते. शाळेत लस टोचायचा दिवस आला की पोरांच्या आधी मी रडते. पण तोंडातून निघून गेलं, "मी देईन."

काका लगेच सावरले. "तसं नाही चालत. शिकावं लागते." दुसऱ्या दिवशी ओसरीवर वरूडच्या संत्र्यांची टोपली. एकेका संत्र्याला साध्या पाण्याचे बारा युनिट टोचायचे. पंच म्हणून आमचे हे.

"चौदा," हे म्हणाले.

"संत्रं मेलं," काकांनी निकाल दिला. "दुसरं घ्या."

पहिल्या दिवशी मी अकरा संत्री मारली. ह्यांनी ती खाल्ली आणि रसाळ आहेत म्हणाले. आठव्या दिवशी अख्खी टोपली जिवंत राहिली, तेव्हा कुठे काका दवाखान्यात जायला तयार झाले.

सुई मी देणार हे फोनवर ऐकल्यावर सुनीताने पुण्याचा विषय काढला नाही; ती आली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्टी काढून काका काळ्या चष्म्यात रिक्षातून उतरले. मंदाबाई वासावरून तुरुतुरु फाटकाशी आली. काका पायरीवर बसले आणि सुनीता "बाबा, नको" म्हणेपर्यंत त्यांनी चष्मा वर केला.

"हे कोन हाये?"

"मंदाबाई, काका."

"नाही वं. मायी मंदा तांबडी हाये."

मंदाबाईचं तोंड कानांपर्यंत पांढरंफटक झालं होतं. सगळ्या कॉलनीला माहीत होतं. काकांनी ते तोंड दोन्ही हातांत धरलं आणि अंगठ्याने पांढरे केस उलटे करून पाहिले.

"मले सांगतलं काहून नाही मॅडम? पंच होते ना तुमी?"

मला वाटायचं, त्यांना दिसतं.

सात वाजले. मी सुई भरून त्यांच्यापुढे धरली. "वाचा काका." त्यांनी वाचलं, "बारा." मी टोचली. मंदाबाई हललीसुद्धा नाही. रजिस्टर मी ओढलं, तर त्यांनी पेन काढून घेतलं आणि दोन वर्षांनी प्रथमच स्वतःच्या हाताने लिहायला लागले. पूर्वेस कूलर, पश्चिमेस माठ, उत्तरेस बाबाराव. मग थांबले, मंदाबाईकडे पाहिलं आणि लिहिलं,

'तोंड पूर्ण पांढरे झाले आहे. माझी हरकत आहे.'

आणि खाली सही केली.