ढोबळेकाकांचं भारमान

माझ्या लग्नात अक्षता टाकायच्या आधी ढोबळेकाकांनी मांडवावरून एकदा नजर फिरवली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, भारमान उत्तम! एक पंगत वाढवा लागते." पुढे आजोबांच्या तेरवीलाही तेच. डोळे पुसता पुसता म्हणाले, "मोठा माणूस गेला. भारमान पाहा ना!" आई त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही.

भारमान म्हणजे गाडीत जागा किती आणि माणसं किती, याचा मेळ. काका वर्ध्याला बसच्या डेपोत होते. कोणती गाडी कुठल्या मार्गावर धाडायची, कोणती अजून काही वर्षं काढेल, कोणती मोडीत द्यायची, कोणता मार्ग बंद करायचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात. सही साहेबांची, बोल काकांचा. एकोणीसशे सत्तरचं दशक सरत आलं होतं. तेव्हा फटफट्या बोटावर मोजण्याइतक्या. लाल गाडी बंद झाली की गावाचा जगाशी संबंधच तुटायचा.

आमची भिंतीला भिंत. संध्याकाळी काका डोळे मिटून ओसरीवर बसायचे. रस्त्यानं गाडी गेली की म्हणायचे, "आर्वीची. चाकावरची कमान बसली हिची. पोळा नाई पाह्यत." मी मनात म्हणायचो, म्हातारा फेकून राह्यला. पोळ्याच्या आधीच ती गाडी आर्वी रस्त्यावर एका कुशीवर कललेली, आणि उतारू कपाशीच्या धुऱ्यावर बसलेले! मी घरी येऊन काकांपुढे हात जोडले. "काका, तुम्ही ज्योतिषी व्हायला हवं होतं."

"म्या आधीच सांगतलं होतं. आयकते कोन?" काका चिडून म्हणाले. "गाडी बंद पडल्यावर तं कोनीबी पाहीन. आधी पाह्यचं, मास्तर!"

घरातही तोच कारभार. टायर जसे पुढचे मागे करतात, तसं सायकलचा पुढचा टायर मागे. गादीचा उसा पायथ्याला. खुर्च्यांच्या जागा बदललेल्या. "झीज वाटून देल्ली का आयुष्य वाढते." एकदा डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात घालून पाहिली. दोन दिवस लंगडले आणि गुपचूप पूर्ववत केली. त्यांचा फसलेला तेवढा एकच बेत मला ठाऊक आहे.

नियमाला मात्र पोलाद. एका गावचे सरपंच गाडी वाचवायला संत्र्यांची थैली घेऊन आले. काका म्हणाले, "संत्री घरी न्या. मानसं आना."

"आमच्या गावचे दोन सरकारी नोकर रोज येतात की!"

"पासवर येतात. पासवाला भारमानात धरत नाई. तिकीट फाडलं तं प्रवासी."

सरपंच थैली घेऊन परत गेले. गाडी बंद झाली. मला वाटलं, केवढा कठोर माणूस आहे हा!

आणि हेच काका एका उन्हाळ्यात आमच्या आळीत घरोघरी फिरू लागले. "चला, बोरतळीले हवापालट करून येऊ." बोरतळी म्हणजे तळेगावच्याही पुढे, माळावरचं गाव. तिथली हवा वर्ध्याहून तापट. पण त्या आठवड्यात त्या मार्गाच्या भारमानाची पाहणी चालू होती, आणि गाडी बंद व्हायच्या काठावर होती. काकांनी एक दिवस भजनी मंडळ नेलं, एक दिवस महिला मंडळ चिवड्याच्या डब्यांसकट नेलं. रविवारी माझ्या घरादाराची पाळी आली.

कंडक्टर काकांपाशी येऊन सलाम ठोकून पुढे जाऊ लागला. काकांनी त्याला थांबवलं. "तिकीट फाड."

"साहेब, तुमचा पास हाय ना?"

"फाड म्हणतो ना बाप्पा!"

आयुष्यभर पासवर हिंडलेल्या माणसानं खिशात हात घालून तिकीट घेतलं. गाडीतले सगळे बघतच राहिले.

बोरतळीला निंबाखाली एक म्हातारी कळशी घेऊन उभी. काकांची मोठी बहीण, गयाबाई. आई गेल्यावर काकांना तिनंच वाढवलेलं. गाडीतून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत ती पाणी ओतत होती. काकांची ओंजळ पुढे आली तशी म्हणाली, "हळू पी वासू, ठसका लागन." मग गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून मला विचारलं, "भरून आली ना आज?"

"ठासून, बाई."

"देवच पावला." ती माझ्याजवळ सरकली. "काऊन सांगू का? वासूची बायको गेली, पोरगी सासरी. तवापासून माह्या मागं लागला होता, वर्ध्याले चाल, वर्ध्याले चाल. म्या म्हटलं, ही गाडी हाय तोवर मी इथंच. तू येत जाय. गाडी बंद झाली का मंग येतो तुह्या घरी, तुही शपथ. पन हे घर, हा शेजार सोडून मले कुठं करमते रे बाबा!"

मी काकांकडे पाहिलं. ते ड्रायव्हरला पुढच्या टायरमधली हवा पाहायला सांगत होते. नुसतं गप्प बसले असते तरी नियमानं गाडी बंद झाली असती आणि बहीण आपसूक घरी आली असती. इतकी वर्षं मी या माणसाला कठोर म्हणत होतो, आणि तो बिचारा स्वतःच्याच विरुद्ध माणसं गोळा करत होता!

गाडी वाचली. पाहणीचा निकाल आला त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा काका आपल्या दाराचं कुलूप उघडत होते. आत अंधार.

मला राहवलं नाही. "काका, गाडी वाचली. पण आता गयाबाई काही यायच्या नाहीत."

"तिले तिथंच करमते, मास्तर."

"आणि तुम्हाला?"

काकांनी कडी काढली. दारावर दोनदा टिचकी मारून पाहिली, लाकूड कुठं पोकळ झालं की काय म्हणून.

"माह्यं काय," ते म्हणाले, "मी पासवाला. मले भारमानात धरत नाई."